लगखालचा निळा

(पहिले पाच सेकंद निवेदन नाही, फक्त स्क्रू फिरल्याचा आवाज)

हा कर्र कर्र आवाज कित्येक वर्षं न हललेल्या स्क्रूचा आहे. ड्रम दुरुस्त करणारे अंकल चावी कशी फिरवतायत बघा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, जोर अजिबात नाही, कारण गंजलेला रॉड, म्हणजे हाच लांब स्क्रू, जोरात पिळला की आत तुटतो आणि जाताना नटाचे आटे पण घेऊन जातो, आणि मग 1960 च्या दशकातला तसाच दुसरा लग, म्हणजे स्क्रू धरणारा ड्रमच्या अंगावरचा धातूचा तुकडा, मुंबईत आणायचा कुठून.

बांद्र्यातलं जुनं घर, मागची पडवी. इथे ड्रम दुरुस्त होतात. पाटी नाही, दुकान नाही. ज्यांना माहितीये ते येतात.

(लग सुटतो, क्लोजअप. इथे थांबायचं, लोकांना बघू दे)

आता खाली दिसतोय तो निळा. बाकी सगळा ड्रम हिरवट, जवळजवळ शेवाळी, आणि मधेच लगच्या बरोब्बर आकाराचा एक लख्ख निळा ठिपका. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, अरे मग बाकीचा पण घासून निळा करा की! आम्ही पण म्हणालो. होत नाही. हा रंग ब्लू स्पार्कल, म्हणजे चमकीचा थर आणि त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा थर, तो वरचा थर उजेडाने आणि वयाने पिवळा पडत जातो, आणि निळ्यावर पिवळं आलं की हिरवं दिसणार, शाळेतल्या चित्रकलेच्या तासाची गोष्ट. हा मळ नाहीये, हे प्लास्टिकच्या आत आहे. पॉलिश पेपर मारत बसलात तर रंग परत येणार नाही, चमकी मात्र हाताला येईल.

सेट लुडविगचा. शिकागोची कंपनी, दोन भावांनी 1909 मधे सुरू केलेली. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले, 7 कोटींवर लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि त्यांचा ड्रमर रिंगो स्टारच्या समोरच्या बास ड्रमवर बँडच्या नावाच्या वर हेच नाव होतं. त्यानंतर कारखान्याला मागणी पुरवता पुरवेना. रिंगोचा पहिला लुडविग सेट, काळ्या ऑयस्टर पर्ल रंगाचा, 2015 च्या लिलावात 20 लाख डॉलरच्या वर गेला. आपला हा त्यातला नाही हो. पण भाऊबंद त्याच घरचा, 22 इंची बास, 13 चा टॉम, आणि जमिनीवर उभा राहणारा 16 चा फ्लोअर टॉम.

तो इथे कसा आला? ज्यांचा हा सेट त्या घरचे सांगतात, जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने आणला. तेव्हा इम्पोर्ट लायसन्स आणि ड्युटी यांच्यामुळे असलं वाद्य सरळ दुकानात जाऊन घेणं म्हणजे स्वप्नच होतं. त्यांचे डॅडी रात्री हॉटेलात, लग्नात, आणि दिवसा कधीमधी रेकॉर्डिंगला वाजवायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, इथला मेहबूब स्टुडिओ, हिंदी सिनेमाचं गाणं तेव्हा अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून व्हायचं आणि त्यात गोव्याची माणसं भरपूर. ड्रम वाजवणाऱ्यांपैकी लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ आणि पारशी बुजी लॉर्ड ही नावं तरी जुन्या रसिकांना माहीत असतील, बाकीच्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर आलीच नाहीत.

(इडलीपात्राचा शॉट)

हे इडलीपात्र स्वयंपाकघरातून कायमचं जप्त केलेलं आहे. एका खळग्यात एका लगचे स्क्रू, वॉशर, नट. नुसत्या बास ड्रमला एका बाजूला 10, दोन्ही मिळून 20 टी-रॉड, म्हणजे T आकाराच्या मुठीचे रॉड, आणि 20 क्लॉ, म्हणजे कड धरणारे आकडे. जो जिथून निघाला तो तिथेच परत जातो, कारण इतक्या वर्षांत त्या रॉडची आणि त्या नटाची एकमेकांशी सवय झालेली असते. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, चारी बाजूंनी.

रॉड रात्रभर रॉकेलमधे, मग टूथब्रश, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. आणि हे सगळं शेलपासून, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगापासून, चार हात लांब, कारण लाकडाने तेल एकदा प्यायलं की ते बाहेर काढता येत नाही.

आता माझा आवडता भाग. पोळ्या गुंडाळायचा फॉइल! चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि हूपवरच्या, म्हणजे ड्रमच्या तोंडावरच्या धातूच्या कड्यावरच्या, गंजावर हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा न जाता गंज सुटून येतो, ते काळपट पाणी बघा कसं ओघळतंय. हेच काम भांड्यांच्या हिरव्या घासणीने केलं असतं तर हूप चकचकीत दिसला असता, आणि प्रकाशात धरला की सगळीकडे गोल गोल रेघा. लग मात्र फॉइलने नाही आणि व्हिनेगरमधे तर नाहीच नाही, ते झिंकच्या ओताचे असतात, वरचं क्रोम जिथे फुगलंय तिथून आंबट आत शिरतं आणि धातू खायला लागतं.

रॅपला, म्हणजे शेलवर चिकटवलेल्या त्या रंगीत प्लास्टिकला, कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, जुनी बनियन. संपलं. थिनर नाही, नेलपॉलिश रिमूव्हर नाही, हे सेल्युलॉइडच्या जातीचं प्लास्टिक आहे, ॲसिटोन लागलं की विरघळायला लागतं. यूट्यूबवर ते आधी-नंतरचे व्हिडिओ असतात ना, एका बाजूला भंगार आणि दुसऱ्या बाजूला आरसा, ते बघून लोक ब्रासो घेऊन बसतात, आणि मग ड्रम इथे येतो तेव्हा अंकल फक्त मान हलवतात.

(शेलच्या आत टॉर्च)

आत. तीन थरांचं प्लाय, वर-खाली मेपलच्या रिंगा, आणि हा लाल शाईचा शिक्का. तारीख आहे, पुसट. 65 की 66 यावरून आमच्या टीममधे अजून दोन गट आहेत. बॅजवर सीरियल नंबर आहे, पण बॅज काही नंबराच्या क्रमाने लावलेले नसायचे, म्हणून साल ठरवायला शिक्का जास्त कामाचा. आणि तो ओल्या फडक्याच्या एका फटक्यात जाऊ शकतो. म्हणून आतली धूळ फक्त कोरड्या दाढीच्या ब्रशने.

अंकलचं बोट फिरतंय ती शेलची कड, बेअरिंग एज, हेड, म्हणजे ज्यावर ठोकायचं तो पडदा, तिच्यावर टेकतं. जुन्या लुडविगची गोलसर असते. आजकाल मशीनवर ती 45 अंशात धारदार करून मिळते, आवाज खणखणीत होतो, पण मग तो आवाज या ड्रमचा राहत नाही, आणि कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. संग्राहक पहिला हात तिथेच फिरवतो.

सेटमधला स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला चपटा ड्रम, सुप्राफोनिक मॉडेलचा, ॲल्युमिनियमच्या शेलवर क्रोम, बारीक बारीक फोड आलेत. या मॉडेलचा हा स्वभावच. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यात मुंबईची हवा. घासलं तर पापुद्रे निघतात. कोरडं फडकं, पातळ कारचं वॅक्स, आणि फोडांना नमस्कार.

आणि हे भोक. टॉमच्या अंगावर, कारखान्याचं नाही. दुसरा होल्डर बसवायला डॅडींनी पाडून घेतलं. एक हूप पण लोकल, इथल्याच कुठल्या तरी लेथवर केलेला. भोकाने किंमत पडते, सरळ सांगतो, बुजवलं तरी वर येत नाही. अंकलनी बुजवलं नाही. जुना हूप परदेशातून मागवला, तो चढवला, आणि लोकलवाला फेकला नाही, पिशवीत घालून चिठ्ठी लावून सेटबरोबर ठेवला. मला विचाराल तर मी लोकलवालाच ठेवला असता. तो पण त्या ड्रमच्या आयुष्यातलाच आहे की, शिकागोत नाही झाला म्हणून काय झालं? यावर पडवीत अर्धा तास वाद झाला, कॅमेरा बंद होता.

बदललं काय एकूण? एक हूप आणि वाजवायची हेड. जुनी हेड पण पिशवीतच.

सेट विकला गेला, बेंगळुरूला, घराच्या छपराचं काम काढायचं होतं.

(पुढे फक्त चित्र. मुलगा स्टुलावर बसतो, फ्लोअर टॉमला चावी लावतो)

एकेक रॉड, समोरासमोरचे, पाव पाव फेरा. अंकल मधे बोटाने टकटक करून ऐकतायत. "अजून थोडा. बस, बस बाबा, सोड आता."

(पहिला ठोका. निवेदन इथेच संपतं, आवाज पूर्ण विरेपर्यंत कट करायचा नाही)