मुले परगावी गेल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

पदवीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी बॅगा भरायला सुरुवात होते. कुणाचा मुलगा बंगळुरूला नोकरीवर रुजू होतो, कुणाची मुलगी एम.एस. करण्यासाठी कॅलिफोर्नियाला निघते. शैक्षणिक कर्ज, व्हिसा, मेतकुटाच्या पुड्या आणि २३ किलोंत काही केल्या न बसणारी बॅग यांत आईवडिलांना निरोपाच्या दिवसापर्यंत उसंत नसते.

रितेपण जाणवते ते त्यानंतर, आणि तेही अगदी क्षुल्लक जागी. कणीक सवयीने जास्त भिजवली जाते आणि डबा करायचा नसला तरी साडेपाचला जाग येतेच. याचे कारण केवळ माया नव्हे. शाळेची रिक्षा, क्लास, परीक्षा यांच्या वेळा सांभाळत आपण वीस-बावीस वर्षे आपला दिवस बेतलेला असतो. त्या वेळा गेल्या की दिवसच सैल पडतो. म्हणून ‘मन रमवा’ हा नातेवाइकांनी सढळ हाताने दिलेला सल्ला फारसा कामी येत नाही. त्यापेक्षा ठरल्या वेळी घराबाहेर काढणारे एखादे बांधील काम पत्करावे, मग ते वाचनालयातले असो वा शेजारच्या मुलांना गणित शिकवण्याचे. आपण गेलो नाही तर ‘काल का आला नाहीत?’ असे कुणीतरी विचारले पाहिजे.

आई रडते म्हणून तिची विचारपूस तरी होते. वडील मात्र मुलाची दुचाकी रोज पुसून, किक मारून, दोन मिनिटे चालू ठेवतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. निदान पत्नीने विचारावे, कारण इतकी वर्षे दोघांच्या बोलण्याचा विषय बहुधा मूलच असते.

फोनची गोष्ट जरा नाजूक आहे. कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते, त्यामुळे आपली रात्रीची जेवणे उरकतात तेव्हा तिथे कामावर जाण्याची घाई असते. त्या घाईत ‘जेवलास का, मेसेज पाहूनही उत्तर का दिले नाहीस’ अशी उलटतपासणी सुरू झाली की मूल ‘हो’, ‘नाही’वर येते. आपली रविवारची सकाळ म्हणजे तिथली शनिवारची संध्याकाळ; ती वेळ ठरवून घ्यावी आणि विचारण्याआधी आपण काही सांगावे, अगदी जिन्याच्या रंगावरून सोसायटीच्या सभेत झालेले रणकंदनसुद्धा.

मात्र कित्येक आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर त्याला नुसती आठवण समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

नमस्कार.