ऑल्नीच्या बागेतली वाट

समोर दिसणारे लाल विटांचे घर इंग्लंडमधील ऑल्नी या छोट्या गावाच्या बाजारचौकात आहे. आज तिथे संग्रहालय आहे. अठराव्या शतकात तिथे विल्यम कूपर हा कवी राहत होता, आणि जगणे नकोसे होणे म्हणजे काय, हे त्याने फार जवळून अनुभवले होते.

कूपरचा जन्म १७३१ सालचा. सहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे वकिलीचे शिक्षण झाले आणि १७६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधील एका पदासाठी त्याचे नाव सुचवले गेले. मात्र त्यासाठी सभागृहासमोर उभे राहून परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेच्या धास्तीने त्याचे मन इतके खचले की त्याने एकदा नव्हे, अनेकदा जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला आणि सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात दाखल झाला.

देवाने आपल्याला टाकले आहे, अशी त्याची तेव्हा खात्री झालेली होती. १७६४ च्या उन्हाळ्यात, कित्येक महिन्यांच्या उपचारांनंतर, तिथल्या बागेतल्या बाकावर त्याला एक बायबल दिसले. त्याने ते उघडले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातला, येशूने मेलेल्या लाजराला उठवल्याचा प्रसंग समोर आला. पुढे बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंचविसावी ओवी वाचताना, ख्रिस्ताने दिलेली क्षमा आपल्यासाठीही आहे, हे त्याला प्रथमच पटले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. बाकावर बायबल होते आणि आजूबाजूला डॉक्टरही होते, हे मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते. उपचार घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे ज्यांना कुणी ऐकवले असेल, त्यांनी ही बाग लक्षात ठेवावी.

मात्र गोष्ट इथे संपली असती, तर ती खरी वाटली नसती. ऑल्नीत आल्यावर कूपरची गाठ तिथले धर्मगुरू जॉन न्यूटन यांच्याशी पडली. दोघांच्या घरांमध्ये एक फळबाग होती आणि तिच्यातून ये-जा करण्याच्या हक्कासाठी वर्षाला एक गिनी (त्या काळचे इंग्लंडमधील सोन्याचे नाणे) मोजली जात असे. दोघांनी मिळून भक्तिगीते लिहिली. आणि १७७३ च्या जानेवारीत काळोख परत आला. आपला कायमचा नाश ठरलेला आहे, ही समजूत कूपरच्या मनात इतकी घट्ट बसली की त्यानंतर तो उपासनेसाठी मंदिरात गेलाच नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये तो न्यूटन यांच्या घरी आला आणि वर्षाहून अधिक काळ तिथेच राहिला. मेरी अनविन ही त्याची जुनी स्नेही सतत त्याच्याजवळ होती. ज्याला स्वतःला प्रार्थना करवत नव्हती, त्याच्यासाठी दुसऱ्यांनी प्रार्थना केली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला एकटे सोडले नाही.

पुढे कुणीतरी त्याला सशाचे पिल्लू आणून दिले, आणि त्याने एकूण तीन ससे पाळले. त्यांच्यासाठी त्याने स्वतःच्या हातांनी लाकडी खोकी बनवली, झाडे लावली, पुन्हा कविता लिहू लागला. निराशेचे झटके अधूनमधून येत राहिले, पण तो १८०० सालापर्यंत जगला आणि त्याचा मृत्यू आजारपणाने झाला.

बायबलमध्येही असे थकलेले लोक आहेत. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला रागावत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असे स्तोत्रकर्ता मोकळेपणाने विचारतो, आणि ते वाक्य आजही मंडळीत मोठ्याने वाचले जाते.

हे पाहताना तुमच्या मनात जीव देण्याचा विचार असेल, तर तो आता, याच क्षणी, जवळच्या माणसाला, पाळकांना किंवा डॉक्टरांना सांगा. भारतात टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तुमच्या ओळखीत कुणी गप्प झाले असेल, तर त्याच्या दारापर्यंतची वाट आज तुम्ही चालून जा.