पारा उतरला की चोवीस तास

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांच्या घरी गाय, म्हैस किंवा कुत्री गाभण आहे, त्यांच्यासाठी आजचे भाषण आहे. कास भरणे, सड ताठरणे, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडणे ही लक्षणे गोठ्यात वावरणाऱ्यांना मी सांगायला नकोत. परंतु ती काही दिवस आधीपासून दिसू लागतात आणि ‘आज की परवा’ या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ते उत्तर पुष्कळदा थर्मामीटर देतो.

गाभणकाळ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीराचे तापमान किंचित चढे ठेवते. विण्याची वेळ जवळ आली की ते झपाट्याने घटते आणि पारा उतरतो. गाईत ही घट साधारण एक अंश फॅरनहाइट, म्हणजे सहज नजरेतून सुटावी इतकी लहान असते आणि विण्याआधी एक-दोन दिवस दिसते. कुत्रीत ती ठळक असते: एरवी 101 ते 102 असणारे तापमान 99 च्या आसपास किंवा त्याखाली येते आणि त्यानंतर बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. लक्षात ठेवावे, उतरलेला पारा काही तासच खाली राहतो आणि पुन्हा चढतो. म्हणून दिवसातून एकदा पाहणे पुरेसे नाही. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा पाहावे.

हे मी आज ठासून सांगतो, पण काही वर्षांपूर्वी मीच विसरलो होतो. मे महिना होता आणि आपल्या नागपूरचा मे कसा असतो हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. प्रतापनगरातल्या एका घरी राणी नावाची कुत्री गाभण होती. घरातली दहावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली मुलगी शेवटच्या आठवड्यात रोज तिचे तापमान घेऊन शंभर पानी वहीत लिहीत असे. (मोबाइलमध्ये टिपलेले आकडे ऐन वेळी सापडत नाहीत, वहीचे पान उघडले की उतार डोळ्यांना दिसतो, असे माझे ठाम मत आहे.) एकसष्टाव्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला. सगळ्यांना अमरावतीला लग्नाला जायचे होते आणि राणीला शेजाऱ्यांकडे ठेवायचे होते. सकाळचा आकडा 101.2 होता. मी म्हणालो, “अजून दोन दिवस आहेत, निघा खुशाल.”

रात्री दहाला पुन्हा फोन वाजला. या वेळी मुलगी बोलत होती. “काका, अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ आलंय. दोनदा घेतलं.” कूलरसमोर बसवून घेतले असेल, असे मी म्हणालो, वास्तविक गुदाशयातल्या तापमानावर कूलरच्या झोताचा असा परिणाम होत नाही, हे मला माहीत होते, पण स्वतःचा शब्द मागे घेणे जिवावर आले होते. ती शांतपणे म्हणाली, “मी जात नाही लग्नाला.” आजी तिच्यासोबत थांबल्या, बाकीची मंडळी पहाटे निघाली. सकाळी साडेनऊला राणीने फरशी उकरायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत सहा पिल्ले झाली. दुसरे पिल्लू आवरणासकट बाहेर आले आणि राणी पहिल्यालाच चाटत बसली होती. आजींनी बोटाने आवरण फाडले, जुन्या सुती लुगड्याने त्याला चोळले, तेव्हा ते ओरडले. शेजाऱ्यांच्या बंद पडवीत ते वाचले नसते. संध्याकाळी मी गेलो, तेव्हा वहीत शेवटच्या आकड्यासमोर लिहिलेले होते, “काका चुकले.”

थर्मामीटरला व्हॅसलीन लावावे, दोरा बांधावा, आणि त्याचे टोक गुदाशयाच्या भिंतीला टेकेल असे तिरके धरावे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गोठा इतका तापतो की गाईचे तापमान त्यानेच वाढते; म्हणून तिथेही उन्हे चढण्याआधीची आणि रात्रीचीच वेळ धरावी.

कुत्रीचा पारा उतरून चोवीस तास झाले आणि कळा आल्या नाहीत, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. गाय व्यायल्यावर तिचे कान गार पडले, मान कुशीकडे वळली आणि तिला उठवेना, तर तो प्रसूतीचा उतार नव्हे. कॅल्शियम घटल्याने येणारा तो दुग्धज्वर असतो, आणि नावात ज्वर असला तरी त्यात पारा खालीच असतो. अशा गाईला तोंडाने काही पाजू नये, शिरेतून कॅल्शियम देणारा डॉक्टर तासाभरात गोठ्यात हवा.