वीतभर धागा, सतरा तास

बेळगावच्या वडगावात सकाळी माग सुरू झाले की घरात बोलायचं ते ओरडूनच. आजीनं विचारलंही तसंच. "अमेरिका पश्चिमेला ना गं? मग विमान वर कशाला जातंय?"

नात बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को तिकीट बघत होती. भिंतीवरच्या नकाशात तिचं बोट अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं गेलं होतं. फोनवरची रेघ मात्र सरळ उत्तर ध्रुवाकडं चढलेली.

मग तिनं भावाचा फुटबॉल घेतला, स्केचपेननं दोन ठिपके दिले आणि आजीच्या कांडीवरचा धागा त्यांच्यामध्ये ताणून धरला. जसजसा ताण वाढला तसतसा धागा वर सरकला, ध्रुवाजवळून पलीकडं उतरला. सगळ्यात कमी धागा ह्याच वाटेला लागतो. बॉलवर जेमतेम वीतभर, जमिनीवर सुमारे 14,000 किलोमीटर.

2021 च्या जानेवारीत एअर इंडियाचं ह्या मार्गावरचं पहिलं थेट विमान बंगळूरला आलं. कॅप्टन झोया अगरवाल, आणि वैमानिक सगळ्या बायका. 9 तारखेच्या रात्री तिकडून निघालेलं विमान 11 च्या पहाटे इथं टेकलं. प्रवास साधारण सतरा तासांचाच. हिवाळ्यातला साडेतेरा तासांचा फरक घड्याळानं खाल्ला. जाताना तो परत मिळतो. दुपारी दोनला निघा, सतरा तास बसा, उतराल तेव्हा तिथं त्याच दिवसाचे साडेपाच.

ताशी 900 किलोमीटरनं हिशेब केला तर साडेपंधरा तास पुरे. वरचा दीड तास जातो चढण्या-उतरण्यात, समोरच्या वाऱ्यात, वळशात. शिवाय तिकिटावरचा वेळ चाकं हलल्यापासून विमान जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच.

आता तिसरा ठिपका. आपलं सांबरा, बेळगावचं विमानतळ.

1942 साली, युद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश हवाई दलानं बांधलेला हा तळ. इथून बंगळूर हवेतून साडेचारशे किलोमीटरच्या आत. बॉलवर बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. स्केचपेनचे दोन्ही ठिपके जवळजवळ एकमेकांत मिसळले.

पण ह्या बोटभर अंतराचा वेळ मोजा. रिक्षा, सांबऱ्याला दीड-दोन तास आधी, तासा-सव्वातासाचं उड्डाण, बंगळूरला पुढच्या विमानासाठी तीन तास अगोदर हजर. सहा-सात तास सहज. आणि पहिलं विमान चुकेल ह्या धास्तीनं लोक आदल्या रात्रीच बस धरतात, ते तर ह्यात धरलेलंच नाही! वर कुंद्याच्या मिठाईचा डबा मांडीवर.

आजीचं लक्ष एव्हाना बॉलवरून उडालेलं.

"झालं का मोजून? धागा दे इकडं."

वीतभर धागा पुन्हा कांडीवर.