गालातला बक्सिनेटर

(दृश्य : अंबाजोगाईजवळच्या गावात लग्नाचा मांडव. सनईवाल्याच्या गालावर कॅमेरा.)

सनईवाला नाकानं श्वास ओढतोय, तरी सूर तुटत नाही. त्याच्या गालाकडं बघा. श्वास आत जाताना फुगलेला गाल हळूच दबतो. तेवढ्या वेळात सनईला वारा मिळतो तो गालातल्या साठ्यातून. तो ढकलणारा मुख्य स्नायू म्हणजे बक्सिनेटर. पुष्कळांना वाटतं, हाच गाल फुगवतो. गाल फुगतो वाऱ्यानं, हा दाबतो.

(दृश्य : गालाच्या आतल्या रचनेचं चित्र.)

स्नायू पातळ, चौकोनी. वरच्या-खालच्या जबड्याला, दाढांच्या बाहेरच्या अंगानं चिकटलेला. पुढं ओठांच्या कोपऱ्यात पोचला की मधले धागे एकमेकांना ओलांडतात : वरचे खालच्या ओठात, खालचे वरच्या ओठात. कानापुढच्या ग्रंथीतली लाळ आणणारी नळी याच स्नायूला भोक पाडून तोंडात उघडते. आरशापुढं गाल ओढून धरा, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर बारीकसा उंचवटा दिसेल. तेच तिचं तोंड.

(दृश्य : ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा.)

भाकरी चावणारे स्नायू वेगळे. घास मात्र दाढांखाली राहतो तो आतून जिभेच्या आणि बाहेरून बक्सिनेटरच्या रेट्यामुळं. कष्ट याचे, नाव दाढांचं!

‘तोंडावरून वारं गेलं’ की हे कळतं. बक्सिनेटरला हलवते ती चेहऱ्याची, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली सातवी नस. ती लुळी पडली की गाल सैल. चावता येतं, कारण चावण्याची नस पाचवी. पण घास गाल आणि हिरडीच्या मधे साचतो, बोटानं काढावा लागतो. ठेचा मात्र त्या गालालाही झोंबतो. आतल्या कातडीची जाणीवही पाचव्या नसेकडंच. तोंड अचानक वाकडं झालं तर झाडपाल्यात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा, कारण मेंदूचा झटकाही असाच सुरू होऊ शकतो.

(दृश्य : पानटपरी.)

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या तरी मिळतातच. सुपारीनं गालाचं अस्तर पांढुरकं, ताठ होतं, आत दोरीसारखे पट्टे धरतात आणि आजार वाढला की ताठरपणा स्नायूपर्यंत उतरतो. मग तोंड पुरतं उघडत नाही. आपली तीन बोटं, एकावर एक धरून, दातांमधून आत जातात का? जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा.