खाली उडणारा पतंग

[गंगापूर धरणाचा डावा कालवा. आवर्तन सुटलंय. छोट्या पुलाच्या कठड्यावरून कॅमेरा खाली पाण्याकडे.]

पुलावर दोरा धरून उभे आहेत ते माझे मामा. सातपूरच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकचे साचे घडवण्यात त्यांची उमर गेली. दोऱ्याच्या टोकाला एक गोल तबकडी आहे, चहाच्या बशीपेक्षा जरा लहान. गळ नाही, आमिष नाही. मासा धरायचाच नाहीये. वाहत्या पाण्यात ही तबकडी काय करते, एवढंच आज बघायचंय.

आता नीट बघा. तबकडी पाण्याला टेकली, क्षणभर आडवी राहिली, मग तिने नाक खाली घातलं आणि गेली. मामांच्या बोटांवर दोरा करकचला. मनगट खाली ओढलं गेलं.

"अरे, ही तर ढील मागतेय!"

आम्ही दोघंही हसलो. मूळची येवल्याची माणसं आम्ही. संक्रांतीला तीन दिवस तिथे सगळं गाव गच्चीवर असतं, हातात आसारी घेऊन. आसारी म्हणजे मांजाची फिरकी, बाहेरच्यांसाठी सांगतो. पतंग वर का जातो हे येवल्यात कुणी कुणाला शिकवत नाही. कण्णीमुळे तो वाऱ्यात तिरका उभा राहतो, वारा त्याला वर ढकलतो, झालं. हाच पतंग उलटा करा आणि वाऱ्याच्या जागी पाणी घ्या. तबकडी तिरकी, पाणी समोरून, आणि रेटा खाली. मासेमारीच्या सामानात हिला डायव्हिंग प्लेनर म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव बुडता पतंग.

[मामांचं टेबल. तबकडी, चष्मा, घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर.]

ही तबकडी नाशिकला आली कशी, ते सांगतो. माझा मोठा भाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात, मस्किगन नावाच्या गावी राहतो. गाव लेक मिशिगनच्या काठावर. याला तळं म्हणायचं म्हणजे कमाल आहे. ५८,००० चौरस किलोमीटर पाणी. नाशिक जिल्ह्यासारखे साडेतीन जिल्हे बुडतील आणि तरी वर जागा उरेल. सगळ्यांत खोल ठिकाणी २८१ मीटर.

दादाने जुनी अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. बोटीची किंमत ऐकून वहिनींनी पुढच्या खर्चावर रेघ ओढली. दोन गळकाठ्यांचं सगळं सामान मिळून ४०० डॉलर. "त्याच्या वर गेलात तर मासा बाजारातूनच आणा," असं त्या फोनवर माझ्यासमोर म्हणाल्या. मी ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे जाणार होतो. तोवर काय घ्यायचं ते ठरवा, म्हणून दादाने येणाऱ्या एका मित्राबरोबर ही एक तबकडी नमुन्याला पाठवली. लुर जेन्सन कंपनीची डिप्सी डायव्हर, एक नंबरची. तिथे या प्रकाराला सरसकट डिप्सीच म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

मुळात एवढं खाली जायचं कशाला? दादाला धरायचा होता चिनूक सामन. हा मासा त्या सरोवराचा नव्हेच. समुद्रातून घुसलेल्या एलवाइफ नावाच्या बारीक माशांनी ते पाणी भरून गेलं होतं. ते मेले की किनाऱ्यावर नुसता खच पडायचा. मिशिगनच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्यांना खाणारा मासा आणायचं ठरवलं. १९६६ मध्ये पॅसिफिकच्या बाजूचा कोहो सामन सोडला, १९६७ मध्ये चिनूक. दोन्ही रुजले. चिनूकला साधारण १० ते १३ अंशांचं पाणी मानवतं. ऑगस्टमध्ये वरचं पाणी विशीच्या पुढे गेलेलं असतं, मग मासा खालच्या गारव्यात जाऊन बसतो. कधी पन्नास फूट, कधी शंभर. चालत्या बोटीमागे नुसतं आमिष सोडलं तर ते पृष्ठभागालगतच राहणार.

पैसेवाले लोक डाऊनरिगर बसवतात. बोटीच्या कडेला चरखी, तारेला चार-पाच किलोचा गोळा, गोळ्याला चिमट्याने अडकवलेला दोरा. उत्तम यंत्र आहे, पण एकेकाला शेकडो डॉलर मोजावे लागतात. ही तबकडी तेव्हा दहा-पंधरा डॉलरला मिळत होती.

"पंधरा डॉलर?" मामांनी तबकडी उलटसुलट करून पाहिली. "साचा एकदा बनला की याला प्लॅस्टिक लागतंय किती!" मग मात्र ते गप्प झाले, कारण त्यांना आतली गंमत दिसली होती.

तळाशी एक फिरती चकती आहे आणि तिच्यात एका बाजूला वजन. चकती शून्यावर ठेवली तर तबकडी सरळ खाली जाते. डावीकडे किंवा उजवीकडे १, २, ३ अशा खुणा आहेत. वजन मधून सरकलं की तबकडी कलते आणि त्या बाजूला बोटीपासून लांब पळते. जितकी बाजूला जाईल तितकी खोली कमी. एक काठी डावीकडे, एक उजवीकडे, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. जन्मभर पेच लावायला शिकलो, आणि इथे सगळी अक्कल पेच टाळण्यात.

आणि हा स्क्रू. मामा त्याच्यावरच अडकले. दोरा ज्या पट्टीला बांधतात ती पट्टी एका खाचेत रुतलेली असते. माशाने झटका दिला की पट्टी खाचेतून सुटते आणि तबकडी सपाट होते. कण्णी तुटलेल्या पतंगात जसा दम राहत नाही, तसं. मग ओढायचा तो फक्त मासा, पाण्याचा रेटा नाही. पट्टी किती झटक्याला सुटावी, ते हा स्क्रू ठरवतो. फार आवळला तर लहान मासा लागून तासभर मागे फरपटत येतो आणि वर कुणाला पत्ता नाही. सैल राहिला तर लाटेच्या हिसक्यानेही सुटतो, आणि सुटला की सगळा दोरा गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून. मामांनी पाव-पाव फेरा करत कालव्यावर अकरा वेळा तबकडी सोडली. अकराव्या वेळी म्हणाले, "आता बरोबर." पुलावर जमलेल्या पोरांना वाटलं होतं, आम्ही पडलेला मोबाईल शोधतोय.

एकाने विचारलंच, "काका, धरणात का नाही टाकत?" कारण तबकडीमागे आमिष म्हणून लावतात धातूचा चकचकीत चमचा, आणि आपल्याकडचे रोहू, मृगळ काही पळत्या चमच्यामागे धावणारे मासे नाहीत. शिवाय धरणाचं पाणी शहराच्या पिण्याचं, आणि तिथल्या मासेमारीचा ठेका असतो.

कालव्यावरच्या त्या सकाळी एक गोष्ट हाताला कळली, ती कागदावर कळली नसती. ही तबकडी मासा नसतानाही सतत ओढत असते. दिवसभर. म्हणून मी खर्चाचा हिशेब उलटा मांडला. तबकडीपासून वर बोटीपर्यंत तो ताण कुठे कुठे येतो ते पाहायचं, आणि पैसा तिथे घालायचा.

[मस्किगन. गॅरेजचं शटर वर जातं. जमिनीवर पसरलेलं सामान.]

काठीत आमचं नशीब उघडलं. इथे महाग ग्राफाइट लागतच नाही, उलट नकोच. फायबरग्लासची काठी जड असते, मऊ वाकते, दिवसभर वाकून राहिली तरी तक्रार करत नाही आणि स्वस्तही पडते. नऊ फुटी, मध्यम-जड अशा दोन घेतल्या.

रीळ मात्र दोरा मोजणारं हवं, यात तडजोड नाही. मासा लागला तेव्हा दोरा किती फूट बाहेर होता, ते कळलं नाही तर पुन्हा तिथे जाणार कसं? दादाचा जीव शिमानो कंपनीच्या टेकोटा रिळावर जडला होता. एका टेकोटाच्या पैशात ओकुमाची मॅग्डा तीन तरी आली असती. आम्ही दोन मॅग्डा घेतल्या. टेकोटा जास्त वर्षं टिकेल, तिचा ब्रेक जास्त मऊ सुटेल, हे मान्य. पण आम्ही वर्षातून पंधरा दिवस जाणारी माणसं.

दोऱ्यात खरी बचत झाली. साधं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, जाड असतं, पाणी त्याला धरतं, तबकडी तेवढी खोल जात नाही. शिवाय ते ताणतं, त्यामुळे लांबवर पट्टी सोडवताना जोर पोचत नाही. विणलेला दोरा बारीक आणि न ताणणारा, पण महाग. म्हणून ३० पौंडी विणलेल्या दोऱ्याचं ३०० यार्डांचं एकच रीळ घेतलं आणि निम्मं निम्मं वाटलं. खाली भरीला स्वस्त तंगूस. ते भरायचंच असतं, नाहीतर विणलेला दोरा गुळगुळीत रिळावर नुसता घसरत फिरतो. असला दोरा ताणत नाही म्हणजे माशाचा झटका थेट गळावर येतो आणि तोंड फाटून मासा जातो. त्यावर उपाय तबकडीमागे एक रबरी नळी, सायकलच्या वॉलट्यूबची थोरली बहीण. तिला स्नबर म्हणतात.

रिळाचा आकडा खरा आहे का, हे बघायला आम्ही गाडीतळावर शंभर फूट टेपने मोजले. पहिल्या रिळात भर कमी पडली होती. आकडा शंभर दाखवत होता आणि दोरा निघाला होता अठ्ठ्याऐंशी फूट. दादा ते रीळ परत करायला निघाला. मी म्हटलं, "दादा, आसारी आठव." भरलेल्या आसारीच्या एका फेऱ्यात जेवढा मांजा सुटतो तेवढा रिकामी होत आलेल्या आसारीतून सुटत नाही. रीळ बिचारं फेरे मोजतंय. भर वाढवली, आकडा जुळला. आणि सोडलेला दोरा म्हणजे खोली नव्हे, तो तिरका जातो. शंभर फूट सोडून तबकडी शंभर फुटांवर बसत नाही, बरीच वर असते. किती, त्याचा तक्ता पाकिटात येतो.

चमच्यांच्या रंगांवर दुकानात जेवढी चर्चा ऐकली तेवढी आमच्याकडे लग्नाच्या साड्यांवरही होत नाही. चार घेतले. दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून मध्ये जोडायच्या भिंगऱ्या मात्र बॉल बेअरिंगच्या. साधी भिंगरी फिरत नाही आणि दोऱ्याची दोरी होते.

[बोट. पहाट. मागे बंदराच्या तोंडावरचा लाल दीपस्तंभ.]

माझाच ताणाचा हिशेब मी एका ठिकाणी मोडला. काठी उभी धरणारा खोबणा, रॉड होल्डर, मी स्वस्त घेतला. प्लॅस्टिकचा, शिकंज्याने काठाला आवळायचा. मनात म्हटलं, यात काय आहे, नुसती काठी तर ठेवायची.

दोनशे फूट दोरा सोडायचा होता. हळूहळू, अंगठा रिळावर ठेवून. सपकन सोडून कच्चकन थांबवलं की तबकडी तिथेच सुटते. दीडशेच्या पुढे गेलो, काठी खोबणात ठेवली, ब्रेक इतपत आवळला की दोरा नुसत्या रेट्याने सरकू नये. काठीने छान कमान धरली. बोटीचा वेग ताशी साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे जवळपास आपला कालवाच. वहिनींनी पोह्यांचा डबा उघडला.

कट्.

आवाज लहान होता. खोबणाचा कान तुटून काठी आडवी झाली आणि मागे सरकायला लागली. वहिनींनी डबा टाकला आणि काठीची मूठ धरली. त्या दिवशी लेक मिशिगनमधल्या माशांनी कांदेपोहे खाल्ले. मासा लागलाच नव्हता, हे विसरू नका. नुसती तबकडी ओढत होती. मामांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इंजेक्शन मोल्डिंगचा जोड तिथेच असणार. फोटो पाठव." फोटो पाठवला. जोड तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमचे दोन खोबणे आले, बोल्ट मारून बसवायचे. काठ्यांपेक्षा महाग. हिशेब ४०० च्या वर अकरा डॉलर गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत.

[बोट. दुपारनंतर. उजवी काठी.]

तिसऱ्या दिवशी उजवी काठी आधी थरथरली आणि मग एकदम सरळ झाली. म्हणजे पट्टी सुटली. लगेच पुन्हा वाकली, आणि या वेळी रीळ किरकिरत दोरा देऊ लागलं. दादा काठीवर, मी जाळीवर. पंधरा-वीस मिनिटं. आकडा १६०, १२०, पुन्हा १५०, ९०, ४०. मग तबकडी पाण्याबाहेर आली आणि काठीच्या टोकाशी येऊन थांबली. कडीतून ती आत जात नाही, त्यापुढे गुंडाळता येत नाही. आणि तबकडीपासून माशापर्यंतचा दोरा, म्हणजे लीडर, मी बांधला होता बारा फुटांचा. काठी नऊ फुटांची.

मासा समोर दिसत होता. चंदेरी, पाठीवर काळे ठिपके, दंडाएवढा जाड. जाळीपासून हातभर लांब. दादा मागे सरकत सरकत इंजिनाच्या झाकणाला टेकला, त्याच्या मागे जागा संपली. मी वाकलो, वहिनींनी माझं लाइफ जॅकेट मागून धरलं. मासा एकदा आमच्याकडे वळला, एकदा पलीकडे, आणि चमचा तेवढा जाळीत आला.

संध्याकाळी गॅरेजमध्ये दादाने कात्री आणली. दोन्ही लीडर कापले. आठ फूट.