यू-१८०: नेताजींची पाणबुडी खरंच तीन महिने पाण्याखाली होती का?

नमस्कार मंडळी!

मागचा व्हिडिओ नांगराच्या साखळीवर होता. चांगले चार दिवस घालवले त्यावर. आणि खाली कमेंट काय? "सर, साखळी छान, पण नेताजींच्या पाणबुडीवर कधी बोलताय?" २३ जानेवारी, म्हणजे नेताजींची जयंती, जवळ आली की हे सुरू होतं. त्यात यंदा ती रील फिरतेय. निळंशार पाणी, शेजारून मासे चाललेत, मागे तुतारी आणि तो भारदस्त आवाज : "सलग तीन महिने समुद्राच्या पोटात!" माझ्या सख्ख्या मावसभावानं मला ती दोनदा पाठवली. दोनदा! मी वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, हे माहीत असून.

तर आज होऊनच जाऊ दे.

बेसिक पटकन उरकतो. पाणबुडीचं नाव यू-१८०. जर्मनीत ब्रेमेनच्या आ.गे. वेझर या यार्डात बांधली. डिसेंबर १९४१ मध्ये पाण्यात उतरली, मे १९४२ मध्ये नौदलात दाखल. लांबी ८७.६ मीटर, रुंदी साडेसात मीटर, वजन पाण्यावर असताना सोळाशे टन. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे चार, मागे दोन. कप्तान वेर्नर मुझेनबेर्ग. ९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून निघाली तेव्हा आत सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन होते. २८ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला, भर समुद्रात, ते दोघं आय-२९ या जपानी पाणबुडीवर गेले. झालं बेसिक. हे शाळेत झालंय सगळ्यांचं.

आता शाळेत न झालेलं. ९ फेब्रुवारी ते २८ एप्रिल, मोजा. ७८ दिवस. रीलवाल्यांचे "तीन महिने" आपण मोठ्या मनानं सोडून देऊ. पण "सलग पाण्याखाली" हे नाही सोडणार.

डिझेल इंजिनाला हवा लागते. तुमच्या ट्रॅक्टरला लागते, एसटीला लागते, यू-१८० लाही लागायची. पाण्याखाली हवा कुठून आणणार? म्हणून खाली गेलं की डिझेल बंद करायचं आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींवर जायचं. बॅटरी संपत आली की वर या, डिझेल लावा, बॅटरी भरा, मग हवं तर परत खाली. इन्व्हर्टर बघितलाय ना घरात? तसंच. लाइट गेल्यावर चालतो म्हणून कोणी तीन महिने इन्व्हर्टरवर संसार करतं का?

मागे हे एकदा बोललो होतो तेव्हा एका दादांनी लिहिलं, "सर, स्नॉर्कल विसरलात." नाही विसरलो, दादा. स्नॉर्कल म्हणजे पाण्यावर नळी काढून खालून हवा ओढायची सोय. ती जर्मन पाणबुड्यांवर मोहिमेत वापरात आली १९४४ मध्ये. आपण बोलतोय फेब्रुवारी १९४३ बद्दल. ही स्नॉर्कल लक्षात ठेवा मात्र, शेवटी परत येणार आहे.

[इथे यू-१८० च्या जातीच्या पाणबुडीचं चित्र]

बरं, आता ही बोट. जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्यांची जात म्हणजे टाइप नाइन. त्यातली सर्वांत मोठी नाइन-डी. तिचे दोन प्रकार होते. डी-टू च्या जवळपास तीस बांधल्या. डी-वन च्या फक्त दोन, यू-१८० आणि यू-१९५. दोनच का? कारण तो प्रयोग फसला. आणि मला विचाराल तर या बोटीची खरी गोष्ट ही आहे. पण रीलमध्ये इंजिनाला कोण विचारतो!

तेव्हा जर्मन नौदलाकडे टॉर्पेडो घेऊन सुसाट पळणाऱ्या छोट्या बोटी होत्या, श्नेलबोट. त्यांच्यात मर्सिडीज-बेंझचं एमबी-५०१ नावाचं डिझेल असायचं. वीस सिलिंडर, व्ही आकार, हलकं आणि भन्नाट. एका बोटीत तीन. कोणाच्या तरी डोक्यात आलं की हीच इंजिनं पाणबुडीत घातली तर? घातली. सहा! प्रत्येक शाफ्टला, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, तीन-तीन. एकेक १,५०० अश्वशक्तीचं, म्हणजे एकूण ९,०००.

वेग किती मिळाला? पाण्यावर २०.८ नॉट. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

आता डी-टू बघा. तिच्यात मुख्य डिझेल दोनच, मॅन कंपनीची, दोन्ही मिळून ४,४०० अश्वशक्ती. वेग १९.२ नॉट. ताकद दुपटीहून जास्त, फायदा दीड नॉटचा! माझ्या पहिल्या चीफ इंजिनिअरांचं एक आवडतं वाक्य होतं, "पाण्याशी भांडू नको, ते दमत नाही." जहाज जितकं जोरात ढकलाल तितकी पुढची लाट मोठी होते, आणि मग शेवटच्या एकेका नॉटसाठी तेल नुसतं ओतावं लागतं. डी-वन चा पल्ला तर डी-टू च्या निम्म्याहूनही कमी होता. म्हणजे लांब जायला बांधली आणि लांब जायलाच लंगडी.

आणि उष्णता. यावर मी बोलणारच. फोर्थ इंजिनिअर होतो तेव्हा, ऑगस्ट महिना, रेड सी. एका जहाजावर, कंपनीचं नाव घेत नाही, इंजिनरूमचा हवा फेकणारा मोठा पंखा बंद पडला. स्पेअर मोटार मागवून तीन महिने झाले होते, "पुढच्या पोर्टला येईल" हेच ऐकत होतो. भिंतीवरचा थर्मामीटर ५२ दाखवत होता. पाना हातात धरवत नव्हता, चिंधी गुंडाळून धरायचो. बॉयलर सूटमधला घाम बुटात उतरून चालताना पचपच आवाज यायचा. आणि हे कुठे? तीन मजली उंच इंजिनरूममध्ये, ड्युटी संपली की वर डेकवर जाऊन वारा खायची मुभा असताना.

यू-१८० त हात पसरले तर दोन्हीकडे इंजिन लागेल अशा बोळात ही सहा वीस-सिलिंडरची धुडं, म्हणजे १२० सिलिंडर. विषुववृत्त ओलांडताना तिथे काय होत असेल? शिवाय धूर. पाणबुडीचं सगळं भांडवल म्हणजे कोणाला न दिसणं, आणि हिच्या मागे धुराची शेपटी.

आता लक्षात आलं का मी काय म्हणतोय? पाण्याखालचा वेग जेमतेम सात नॉट, तोही थोडाच वेळ टिकणारा. बॅटरी पुरवायची तर माणूस आरामात चालतो त्या गतीनं जायचं. मग पाण्यावरच्या वेगासाठी ९,००० अश्वशक्ती कोण कशाला घालेल? कारण ती बोट चालणार होती पाण्यावर! तिचा संसार सगळा वर. खाली जायचं ते लपायला, नाहीतर दबा धरायला.

हिशेबच करू. कागद घ्या. समजा बॅटरी कधी संपतच नाही, आणि यू-१८० पूर्ण ७८ दिवस पाण्याखालून दोन नॉटनं चाललीय. ७८ गुणिले २४, १,८७२ तास. दुप्पट करा. ३,७४४ सागरी मैल. कीलहून निघून, ब्रिटनच्या उत्तरेकडून वळसा घालून, अटलांटिक उतरायचा. इतक्या मैलांत विषुववृत्तसुद्धा येत नाही, मादागास्कर कुठलं! आणि खरी बॅटरी तर थोड्याच दिवसांत मान टाकते.

अजून पटत नसेल तर विशाखापट्टणमला जा. तिथल्या बीचवर आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी आयएनएस कुरसुरा ठेवलीय, संग्रहालय म्हणून. रशियन बनावटीची, यू-१८० हून थोडीशीच लांब, ९१ मीटर. मी मुलीला घेऊन गेलो होतो. ऐटीत "बाबा दाखवतो बघ" म्हणत पहिल्याच गोल दारातून घुसलो आणि कपाळ चौकटीवर. चांगलं टेंगूळ. लेक पुढची दोन कंपार्टमेंटं हसत होती. असो. टाइप नाइन बघायची तर शिकागोच्या संग्रहालयात यू-५०५ आहे, अमेरिकेतल्या मंडळींनी जरूर बघा. तिचं नाक बघा, होडीसारखं लाटा कापणारं. वर सपाट डेक. या जातीच्या पाणबुड्यांच्या डेकवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवायचे. कायम पाण्याखालीच राहायचं तर तोफ काय माशांवर डागणार?

आपल्याकडे तळ्यात टिबुकली असते बघा. छोटा, गुबगुबीत पक्षी. दिवसभर पाण्यावर तरंगते. काठावर पाऊल वाजलं की डुबुक! थोड्या वेळानं भलतीकडेच वर. त्या काळच्या पाणबुडीचं चित्र डोळ्यासमोर आणायचं तर टिबुकली आणा, मासा नको. पुरे झालं हे आता. मावसभाऊ, ऐकतोयस ना?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं की नेताजी आत खात काय होते. आबिद हसन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणी आहेत. ब्रेडपासून पांघरुणापर्यंत सगळ्याला डिझेलचा वास. यावर माझा शंभर टक्के विश्वास, माझ्या लग्नाच्या शर्टालाही येत होता. तर हसनसाहेबांना कोठीत तांदूळ आणि डाळ सापडली. खिचडी शिजली. आणि नेताजी ती जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रहानं वाढायला लागले. हसनसाहेबांचा जीव वरखाली, कारण असं वाटत सुटलं तर साठा किती दिवस पुरणार!

बोट नुसती पाहुणे पोचवायला निघाली नव्हती, हेही लक्षात असू द्या. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेजवळ तिनं कॉर्बिस हा ब्रिटिश तेलवाहू टँकर बुडवला. नेताजी आत असताना. टँकर पेटला की खलाशाचं काय होतं, यावर मी जास्त बोलू शकत नाही. आमच्या पेशातली माणसं ती.

मग २६ एप्रिलला आय-२९ दिसली, पण समुद्र इतका खवळलेला की दोन बोटी जवळ आणणं अशक्य. दोन दिवस समांतर चालत राहिल्या. शेवटी २८ ला रबरी तराफ्यातून, दोर धरून, चिंब भिजत नेताजी आणि हसन पलीकडे गेले. तिकडून इकडे दोन जपानी अधिकारी आले आणि सुमारे दोन टन सोनं आलं, बर्लिनमधल्या जपानी वकिलातीसाठी. दोन टन, हेलकावणाऱ्या तराफ्यावरून! एक पेटी निसटली असती तर? माझ्या पोटात आत्ता गोळा येतो.

[फोटो]

हा फोटो. पुढच्या रांगेत नेताजी, भोवती खलाशी. खाली दर वेळी "जर्मन पाणबुडीवर नेताजी" लिहिलेलं. चेहरे बघा हो जरा! जपानी आहेत सगळे. हा आय-२९ वरचा फोटो आहे. तिनं त्यांना ६ मे रोजी सुमात्राजवळच्या सबांगला उतरवलं, तिथून विमानानं टोकियो.

वास्कोच्या एक ताई प्रत्येक व्हिडिओखाली एहरेनफेल्स या जर्मन जहाजाचं विचारतात. हो ताई, तो योग मलाही भारी वाटतो. नेताजी कीलहून निघाले त्याला बरोबर महिना झाला, ९ मार्चची रात्र, बोट अटलांटिकमध्ये, आणि इकडे मुरगावच्या बंदरात कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या स्वयंसेवक पलटणीचे लोक त्या जहाजावर चढले. खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, शब्द दिला.

परतीच्या वाटेवर यू-१८० नं जूनमध्ये बोरिस नावाचं ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं. ३ जुलै १९४३ ला ती फ्रान्सच्या बोर्दोला पोचली. तोवर अटलांटिकचं गणित फिरलं होतं. एकट्या मे महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या गेल्या होत्या. वर विमानं, विमानात रडार. पाण्यावर राहणारी टिबुकली आता वर येताच टिपली जाऊ लागली.

सप्टेंबरमध्ये यू-१८० सेवेतून काढली. सहाही मर्सिडीज उपटून टाकली आणि त्या जागी साधी दोन डिझेल बसवली, एकेक १,४०० अश्वशक्तीचं. ९,००० वरून २,८००! टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या. ती आता मालवाहू झाली, २५२ टन माल नेणारी. बहिणीचं, यू-१९५ चंही असंच केलं.

आणि आता स्नॉर्कल बसली. पाण्याखाली डिझेल चालवायची सोय, जी रीलवाल्यांनी तिला दीड वर्ष आधीच देऊन टाकली होती.

२० ऑगस्ट १९४४ ला नवा कप्तान रोल्फ रीझेन माल भरून जपानकडे निघाला. २३ ऑगस्टनंतर बोटीचा पत्ता नाही. बिस्केच्या उपसागरात सुरुंग लागला असेल, किंवा त्या स्नॉर्कलमध्येच बिघाड झाला असेल. ५६ माणसं होती, एकही वाचला नाही. यू-१९५ मात्र त्याच ऑगस्टमध्ये बोर्दोहून निघून जावापर्यंत पोचली आणि शेवटी जपान्यांनी ती आय-५०६ म्हणून घेतली. आणि आय-२९? तीही जुलै १९४४ मध्ये गेली, अमेरिकन पाणबुडी सॉफिशच्या टॉर्पेडोंनी.

चला. पुढच्या वेळी एहरेनफेल्स. नांगराच्या साखळीचा व्हिडिओ राहिला असेल तर तोही बघा, त्यात खरंच मेहनत आहे. आणि मावसभाऊ, ही लिंक तुला पाठवतोय. दोनदा.